सहायकाला तुमची ओळख नको, तुमच्या दुरुस्त्या द्या

प्रश्न थोडक्यात असा: लेख, वार्तापत्रं, निवेदनं अशा लिखाणासाठी चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय यांसारखा एआय सहायक वापरला जातो, पण दर नव्या संभाषणात आपण कोण, कुणासाठी लिहितो, कसली भाषा चालते हे पहिल्यापासून सांगावं लागतं. नोंदी करून ठेवल्या तर हे कायमचं सुटेल का? आणि त्या नोंदींत नेमकं लिहायचं काय?

सुटतं. मी इतरांचं लिखाण संपादित करते आणि त्या कामात आता असा सहायक रोज हाताशी असतो. तो उपयोगी पडतो तो नोंदींमुळेच. पण बहुतेक जण या कामाला चुकीच्या टोकाकडून हात घालतात, म्हणजे स्वतःचं वर्णन लिहायला बसतात. ‘माझी शैली साधी, ओघवती आणि परिणामकारक आहे, मला संवेदनशील लेखन आवडतं.’ अशा नोंदीने मसुद्यात काडीचाही फरक पडत नाही, कारण आपली शैली बोजड आणि निष्प्रभ आहे असं कुणीच लिहीत नाही. नोंद निघायला हवी ती तुम्ही मसुद्यात प्रत्यक्ष केलेल्या खाडाखोडीतून. तुम्ही काय खोडता, काय हलवता, कुठे थांबता, यात तुमची शैली सापडते. स्वतःबद्दल काय वाटतं त्यात ती नसते.

हे असं का, ते कळायला यंत्र काय करतं हे एकदा नीट समजून घ्यावं लागेल. भाषेचं मॉडेल, म्हणजे सहायकाच्या आतलं मजकूर तयार करणारं यंत्र, तुमच्याशी गप्पा मारता मारता शिकत नाही. त्याचं प्रशिक्षण आधीच झालेलं असतं आणि तुम्ही आज दिलेल्या सूचनेने त्याच्या आत काहीही बदलत नाही. प्रत्येक उत्तराच्या वेळी त्याच्यापुढे एक मजकूर ठेवला जातो. सेवेच्या स्वतःच्या सूचना, तुमच्या सूचना, जोडलेल्या फायली आणि आत्तापर्यंतचं संभाषण असं सगळं त्यात येतं. या सगळ्याला कॉन्टेक्स्ट म्हणतात. ‘अरे, याला आठवतंय की!’ असं वाटतं तेव्हा खरं तर तो मजकूर पडद्यामागे पुन्हा त्याच्यापुढे ठेवलेला असतो. हल्ली बहुतेक सेवांमध्ये जी ‘मेमरी’ नावाची सोय असते, तीसुद्धा साठवलेला मजकूर शोधून पुढे ठेवण्याचंच काम करते.

म्हणजे तुमची नोंद दर वेळी पहिल्यांदाच वाचली जाते. ‘नेहमीप्रमाणे’, ‘मागच्यासारखं’, ‘तुला माहीतच आहे’ असल्या शब्दांना तिथे काही अर्थ उरत नाही. दवाखान्यात पाळी बदलताना परिचारिका पुढच्या पाळीसाठी जी नोंद लिहून ठेवते, तशी ही नोंद हवी. वाचणाऱ्याने रुग्णाला पाहिलेलं नाही हे गृहीत धरून लिहिलेली, आणि वाचून लगेच कामाला लागता येईल अशी.

दुसरी गोष्ट लांबीची. २०२० च्या जीपीटी-३ या मॉडेलची कॉन्टेक्स्टची मर्यादा २,०४८ टोकन होती. टोकन म्हणजे मॉडेल मजकुराचे जे बारीक तुकडे पाडून वाचतं, त्यातला एक तुकडा. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलने जाहीर केलेल्या जेमिनाय १.५ प्रोमध्ये ती १० लाख टोकनपर्यंत गेली. मग सगळंच ओतलं तर? जागा मिळाली म्हणून लक्ष मिळतंच असं नाही. लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेल चांगली वापरतात आणि मध्येच दडलेल्या माहितीकडे त्यांचं दुर्लक्ष होतं, हे २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. नंतरची मॉडेल यात बरीच सुधारली आहेत. तरी वीस पानी नोंदीतला एखादा बारीक नियम मसुद्यात हरवताना मी अजूनही पाहते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी लांबीचा हिशेब काही काळ फारच महाग होता, कारण देवनागरी मजकुराचे तुकडे जास्त पडायचे. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल आणताना ओपनएआयने, म्हणजे चॅटजीपीटीच्या कंपनीने, नमुन्यादाखल दिलेला एक मराठी मजकूर तुकडे पाडायच्या जुन्या पद्धतीत ९६ टोकन घ्यायचा, तो नव्या पद्धतीत ३३ वर आला. तोच मजकूर इंग्रजीत २४. त्यामुळे ‘नोंदी इंग्रजीत लिहा, स्वस्त पडतात’ हा जुना सल्ला आता फारसा लागू नाही. मराठी लिखाणासाठी तर तो मी कधीच दिला नसता. नोंदीची भाषा मसुद्यात झिरपते. सरकारी परिपत्रकाच्या थाटात नियम लिहिले की उत्तरही परिपत्रकासारखं येतं. ज्या मराठीत लिखाण हवं, त्याच मराठीत नोंद लिहा.

आता मुख्य काम. सहायकाने लिहिलेला आणि तुम्ही दुरुस्त केलेला एखादा मसुदा घ्या. मूळ आणि दुरुस्त असे दोन्ही समोर ठेवा. समजा पाणीबचतीवरच्या छोट्या लेखात त्याने असं लिहिलं होतं:

‘पाण्याची बचत करणे ही आजच्या काळाची गरज असून प्रत्येक नागरिकाने यामध्ये महत्त्वपूर्ण भूमिका बजावणे अत्यंत आवश्यक आहे.’

आणि तुम्ही ते असं केलंत:

‘गळका नळ आजच दुरुस्त करा. थेंब थेंब गळून दिवसभरात बादली भरते.’

यातून नियम काढताना पहिला मोह होतो तो ‘सोपं लिही’ असं लिहून टाकण्याचा. पण तुम्ही नुसतं सोपं केलेलं नाही. तुम्ही ‘प्रत्येक नागरिक’ काढून थेट वाचकाशी बोललात. ‘भूमिका बजावणे’ जाऊन हाताने करता येईल असं काम आलं. गरज सांगण्याऐवजी डोळ्यांपुढे आणता येईल असं परिमाण दिलंत. आणि लांबलचक वाक्य मोडून दोन केलीत. हे चार वेगवेगळे निर्णय आहेत. त्यातला कुठला तुमचा नेहमीचा आणि कुठला फक्त या लेखापुरता, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. शोकसंदेशात वाचकाला थेट आज्ञा देणं चालणार नाही, पण ठोस गोष्ट सांगणं तिथेही चालेल. मग नोंदीत उतरेल ते असं:

‘आवाहन करायचं असेल तर वाचकाने नेमकं काय करायचं ते सांगावं. गरज, महत्त्व, भूमिका यांबद्दलची वाक्यं नकोत. कारण: माझे वाचक विषयाचं महत्त्व जाणतात, म्हणूनच वाचायला आलेले असतात, त्यांना पुढचं पाऊल हवं असतं.’

आणि त्याखाली वरची जोडी, मूळ आणि दुरुस्त, जशीच्या तशी.

‘कारण’ हा शब्द मी मुद्दाम घालते. नुसता नियम दिला तर सहायक तो अक्षरशः पाळतो आणि नियमात न बसणारा प्रसंग आला की गडबडतो. कारण दिलं की नियम न लिहिलेल्या जागीही तो बऱ्यापैकी अंदाज बांधतो. वर ‘वाचक विषयाचं महत्त्व जाणतात’ एवढं सांगितलं म्हणून पुढच्या मसुद्यातली ‘प्रस्तावना’सुद्धा आपोआप आखूड होते, जिच्याबद्दल आपण काही म्हटलंच नव्हतं. आणि आधी-नंतरची जोडी तर नियमापेक्षाही जास्त काम करते. विशेषणांनी सांगितलेली शैली प्रत्येक जण आपापल्या परीने समजतो, मॉडेलही. उदाहरणात मात्र लय, लांबी, शब्दांची निवड सगळं एकत्र दिसतं.

नकाराच्या याद्यांबद्दल सावध करते. ‘हे शब्द वापरू नकोस’ म्हणून चाळीस शब्दांची यादी करणं सगळ्यांना आवडतं, पण तिचा उपयोग थोडाच असतो. ‘महत्त्वपूर्ण भूमिका’ बंद केली की ‘मोलाचा वाटा’ येतो, तो बंद केला की ‘सिंहाचा वाटा’. शब्द बदलतो, वाक्याची पोकळी तशीच राहते. म्हणून प्रत्येक ‘नको’पुढे ‘त्याऐवजी काय’ हे हवंच. ‘शेवटी सारांश नको’ एवढ्यावर न थांबता ‘शेवटचा नवा मुद्दा मांडून झाला की तिथेच थांबावं’ असं लिहा. आणि एखादा नियम वारंवार मोडला जात असेल तर उद्गारचिन्हं वाढवून किंवा ‘कृपया लक्षात ठेव’ लिहून काही होत नाही. नोंदीतलाच दुसरा एखादा नियम त्याच्या विरुद्ध जातोय का ते शोधा. ‘वाचकाशी आपुलकीने बोलावं’ आणि ‘फाफटपसारा नको’ हे दोन नियम एकत्र असले की सहायक आपुलकी दाखवण्यासाठी चार वाक्यं खर्च करतो. आपुलकी म्हणजे तुमच्या लेखी काय, ते उदाहरणाने दाखवल्याशिवाय हा तिढा सुटत नाही.

काही गोष्टींना मात्र सरळ, कोरडा नियम पुरतो. ‘केले, गेले’ लिहायचं की ‘केलं, गेलं’, अंक देवनागरी की इंग्रजी, वाचकाला ‘तुम्ही’ की ‘आपण’, इंग्रजी संज्ञा लिप्यंतर करून ठेवायच्या की मराठी प्रतिशब्द द्यायचा. इथे कारणमीमांसा लागत नाही. एकदाच ठरवा आणि लिहून टाका. या गोष्टी लिहिल्या नाहीत तर सहायक एकाच लेखात दोन्ही करतो, आणि तसली सरमिसळ निस्तरण्यात संपादकाचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

तुमच्या लिखाणाचे नमुने द्यायला हवेतच, पण निवडून. गाजलेला लेख देऊ नका. ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचा हात फिरलेला नाही असे, वेगवेगळ्या विषयांवरचे दोन-तीन परिच्छेद द्या. सगळे नमुने एकाच विषयाचे असले तर त्या विषयाचे शब्द भलत्या लेखात उगवतात. एखादी लकब तिन्ही नमुन्यांत असली तर सहायक ती प्रत्येक परिच्छेदात वापरतो आणि तुमची नक्कल केल्यासारखं वाचायला लागतं. नमुन्यांच्या वर एक ओळ असू द्या: ‘हे वाक्यांची लय आणि लांबी कळावी म्हणून आहेत, यातला मजकूर किंवा वाक्यं उचलू नयेत.’

हीच काळजी वैयक्तिक माहितीची. व्यवसाय, छंद, कुटुंब हे सगळं नोंदीत भरलं की ते लेखात डोकावू लागतं. बागकामाची आवड आहे असं एकदा लिहिलं, की कर्जाच्या हप्त्यांवरच्या लेखातही रोप आणि खतपाणी येतं. म्हणून स्वतःबद्दल तेवढंच लिहा ज्याने मसुदा बदलतो. ‘मी शाळेत शिकवते’ यापेक्षा ‘माझे वाचक पालक आहेत, ते संध्याकाळी मोबाइलवर घाईत वाचतात, शिक्षणक्षेत्रातले शब्द त्यांना परके वाटतात’ हे शंभर पटीने उपयोगी. खरं सांगायचं तर लेखकाच्या ओळखीपेक्षा वाचकाची ओळख जास्त कामाला येते, आणि बहुतेक नोंदींत नेमकी तीच नसते.

आता कामापुरती नोंद. आत्तापर्यंत बोललो ती शैलीची आणि वाचकाची नोंद वर्षभर टिकते. पण पुस्तक, मालिका, मोठा अहवाल असं काही हातात असेल तर त्याची वेगळी नोंद ठेवा आणि ती दर बैठकीनंतर बदला. तिच्यात तीन गोष्टी लागतात: काय ठरलंय, काय अजून ठरायचंय, आणि काय विचार करून सोडून दिलंय. तिसरी सगळे विसरतात. कथेतला निवेदक बदलायचा विचार करून तुम्ही तो सोडला असेल आणि ते कुठे लिहिलेलं नसेल, तर सहायक पुढच्या आठवड्यात मोठ्या उत्साहाने तोच बदल सुचवेल आणि तुम्ही पुन्हा अर्धा तास त्यात घालवाल. ‘निवेदक बदलणं: विचार केला, सोडलं, निवेदक मुलीला न कळलेल्या गोष्टी वाचकालाही कळता कामा नयेत’ एवढी एक ओळ पुरते. नावं, वयं, घटनांचा क्रम, ठरवलेली शब्दरूपं याच नोंदीत. प्रत्येक निर्णयापुढे तारीख घाला, म्हणजे दोन ओळींत विरोध दिसला तर नंतरची कुठली हे कळतं.

बैठकीच्या शेवटी ही नोंद सहायकाकडूनच लिहून घेता येते आणि मी तसंच करते. पण ती न तपासता फायलीत टाकायची नाही. त्याच्या दोन खोडी आहेत. जे त्याने फक्त सुचवलं होतं ते तो ‘ठरलं’ म्हणून लिहितो. आणि नेमक्या निर्णयाच्या जागी ‘पात्राला अधिक खोली देण्यावर चर्चा झाली’ अशी गुळगुळीत वाक्यं देतो. त्याला असं सांगा: ‘मी स्पष्टपणे होकार दिलेले निर्णयच लिही, प्रत्येकासोबत त्याचा परिणाम कुठल्या प्रकरणावर होतो ते दे, चर्चेचं वर्णन नको.’ तरीही एकदा डोळ्यांखालून घाला. इथे शिरलेली चूक पुढच्या प्रत्येक बैठकीत खरी मानली जाते.

हे सगळं ठेवायचं कुठे? मूळ प्रत तुमच्याच संगणकावर, साध्या मजकुराच्या फायलीत. मार्कडाउन, म्हणजे मथळे आणि याद्या साध्या चिन्हांनी दाखवणारी एमडी फाइल, सगळ्यात सोयीची; ऑब्सिडियनसारखी नोंदींची ॲप याच साध्या फायली वापरतात, पण नेहमीचं नोटपॅडही चालतं. सेवा बदलली, खातं बंद झालं, नवं मॉडेल आलं, तरी फाइल तुमच्याकडे राहते. त्यातून प्रत काढून सहायकाला द्यायची. शैली आणि वाचकाची नोंद सूचनांच्या जागी जाते. चॅटजीपीटीत जुलै २०२३ पासून ‘कस्टम इन्स्ट्रक्शन्स’ आहेत, क्लॉडमध्ये जून २०२४ पासून आणि चॅटजीपीटीत डिसेंबर २०२४ पासून ‘प्रोजेक्ट्स’ आहेत, म्हणजे एका कामाच्या सूचना, फायली आणि संभाषणं एकत्र ठेवायची जागा, आणि जेमिनायमध्ये ‘जेम्स’ आहेत, म्हणजे ठरावीक सूचना देऊन घडवलेले सहायक. दोन वेगळ्या वाचकांसाठी लिहीत असाल तर दोन वेगळे प्रोजेक्ट करा. एकाच सूचनेत ‘अमुक असेल तर असं, तमुक असेल तर तसं’ लिहून गुंता वाढवू नका.

सूचनांची जागा आणि जोडलेल्या फायली यांतला फरक फार कमी लोकांना माहीत असतो. सूचना प्रत्येक संभाषणात पूर्ण पुढे ठेवल्या जातात. फायली मात्र खूप झाल्या की अनेक सेवा त्यांचे तुकडे करतात आणि तुमच्या प्रश्नाशी जुळणारे तुकडेच शोधून मॉडेलला देतात. ‘पावसावर लेख लिही’ म्हटल्यावर तुमच्या शैलीची फाइल पावसाशी जुळत नाही, म्हणून ती पुढे येण्याची खात्री नसते. शैली सूचनांत, संदर्भ फायलींत, ही विभागणी पाळा. फायलीतही प्रत्येक परिच्छेद स्वतंत्रपणे कळेल असा लिहा. ‘वर सांगितल्याप्रमाणे ती’ अशा वाक्याचा तुकडा सुटा पडला तर ‘ती’ कोण हे त्याला कळणारच नाही.

आपोआप चालणाऱ्या मेमरीवर मी लिखाणासाठी विसंबत नाही. चॅटजीपीटीत ती फेब्रुवारी २०२४ मध्ये चाचणीसाठी आली आणि एप्रिल २०२५ पासून जुन्या संभाषणांचाही आधार घेऊ लागली. रोजच्या किरकोळ कामांना ती छान आहे. पण काय टिपायचं हे तिथे यंत्र ठरवतं, आणि एका प्रसंगापुरती सांगितलेली गोष्ट कायमची आवड समजली जाऊ शकते. मेमरी चालू ठेवायचीच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन काय साठवलंय ते अधूनमधून वाचा आणि नको ते काढून टाका. नेहमीपेक्षा वेगळं काही करून बघायचं असेल तर तात्पुरत्या संभाषणाचा पर्याय वापरा.

नोंदीत दुसऱ्या माणसांबद्दल लिहिताना हात आखडता घ्या. मुलाखत दिलेल्या व्यक्तीचं नाव, आजार, पैशाचे व्यवहार यांची सहायकाला गरज नसते. ‘मोठी बहीण’, ‘पहिला साक्षीदार’ असं लिहून काम भागतं. खरी नावं शेवटच्या मसुद्यात स्वतः घाला. तुमची संभाषणं प्रशिक्षणासाठी वापरली जावीत की नाही, याचा पर्याय अनेक सेवांच्या सेटिंगमध्ये असतो. कायमच्या नोंदी द्यायच्या आधी तो बघून घ्या.

नोंद काम करते की नाही हे अंदाजाने ठरवू नका. तुमच्या नेहमीच्या कामातलं एक ठरावीक काम निवडा आणि ते नव्या संभाषणात दोनदा करून घ्या, एकदा नोंदीसह आणि एकदा नोंदीशिवाय. दोन्ही मसुदे सारखेच वाटले तर नोंद पोकळ आहे. मग एकेक नियम काढून बघा. ज्याच्या जाण्याने काहीच बदलत नाही तो कायमचा काढा. नवं मॉडेल आलं की हे पुन्हा करा, कारण जुन्या मॉडेलच्या खोडीसाठी लिहिलेला नियम नव्यात उलटा पडतो. पूर्वीची मॉडेल त्रोटक उत्तर देत म्हणून ‘सविस्तर लिही’ असं ज्यांनी लिहून ठेवलं होतं, त्यांना आता पानंच्या पानं मिळतात.

हातात दुरुस्त केलेला एकही मसुदा नसेल तर उलट्या बाजूने सुरुवात करा. तुम्हीच पूर्वी लिहिलेल्या एखाद्या लेखाचे फक्त मुद्दे सहायकाला द्या, लेख दाखवू नका, आणि त्यावर लिहायला सांगा. मग त्याचा मसुदा तुमच्या मूळ लेखाशेजारी ठेवून वाचा. जिथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात तिथे पेन्सिलने खूण करा. तुम्ही पहिल्याच वाक्यात घटना सांगितलेली असेल आणि त्याने व्याख्या दिलेली असेल, तर तो झाला तुमच्या नोंदीचा पहिला नियम, आणि ही दोन वाक्यं झाली त्याचं पहिलं उदाहरण.